वचन भिंतीवर, धीर कुणी द्यायचा?

जरा थांबा आणि नीट ऐका. तुमच्यातल्या बहुतेकांना मी शब्बाथ शाळेत शिकवलं आहे. आता तुमचे केस पिकलेत, कुणी मंडळीचे पंच झालात, कुणी महिला मंडळाच्या सेक्रेटरी झालात, म्हणून तुम्हाला बोलायचा माझा अधिकार संपला असं समजू नका. गेली काही वर्षं उपासना सुटली की एकच रड माझ्या कानावर येते. "बाई, विश्वासात पहिल्यासारखी उभारी वाटत नाही." "बाई, घरच्या कटकटीत प्रार्थनेला मन लागत नाही." "बाई, इथल्या उपदेशातून काही मिळत नाही, म्हणून आम्ही मोबाइलवर दुसऱ्यांचे संदेश ऐकतो." तुमचा सूर असा असतो, जणू उभारी म्हणजे मंडळीनं दर महिन्याला वाटायचा शिधा आहे आणि पाळकसाहेबांनी तुमचा वाटा दाबून ठेवलाय.

मी उलट विचारते. काल दिवसभरात तुमच्या घरात कुणी कुणाला बरं वाटेल असं एक तरी वाक्य बोललं का? आठवून सांगा. डबा भरला का, बिल भरलं का, चावी कुठे आहे, क्लासला उशीर होतोय, हे सोडून. नाही आठवत ना? मग उभारी येणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कसं येईल?

३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत तुम्ही रांगेत उभे राहून नव्या वर्षाचं वचन उचलता. कार्ड घरी नेता, लॅमिनेट करता, फ्रिजवर चिकटवता. दिवाणखान्यात वचनाचं कॅलेंडर असतं, दारावर क्रूस असतो. सकाळी सहाला उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेलं वचन व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या ग्रुपना पाठवून तुमचा दिवस सुरू होतो. पाठवा, माझी हरकत नाही. पण तुम्ही गादीवर पडल्या पडल्या जगाला धीराची वचनं वाटत असता, तेव्हा तुमची बायको ओट्यापाशी उभी असते. रात्रभर ती खोकत होती. तिला तुम्ही विचारलंत का, बरं वाटतंय का म्हणून? लांबच्या मावसभावाला जे पाठवलंत, त्यातला अर्धा शब्द तरी स्वयंपाकघरापर्यंत पोचला का?

माझं घर चर्चच्या गल्लीत आहे. रविवारी सकाळी तुमच्या गाड्या माझ्या खिडकीखाली लागतात, म्हणून ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. स्कूटर स्टँडवर लावता लावता नवरा दात आवळून म्हणतो, "दर रविवारी तुझ्यामुळे उशीर." बायको उत्तर देत नाही. ती मुलीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत असते, आणि गाठ इतकी करकचून मारते की पोरगी कळवळते. मुलगा दहा पावलं पुढे निघून गेलेला असतो, आपण यांच्यातले नाहीच असं दाखवत. मग चर्चचं फाटक येतं. फाटकातून आत पाऊल पडलं की चौघांचेही चेहरे बदलतात. "सलाम पाळकसाहेब! सलाम काका!" हा बदल तुमची पोरं बघतात. त्यांनी त्यातून काय शिकायचं? विश्वास फाटकाच्या आत असतो आणि फाटकाबाहेर आईबाबा असतात, एवढंच ती शिकतात. पुढे वीस वर्षांची झाली की ती फाटकाकडे फिरकत नाहीत, आणि तुम्ही मला विचारता, "बाई, आमचं काय चुकलं?"

आता संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेचं बोलते, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिच्यावर आहे. ज्या घरांत ती होते त्या घरांबद्दल मला आनंद आहे, हे आधी सांगते. पण होते कशी? बाप डोळे मिटतो आणि म्हणतो, "हे प्रभू, या मुलाला सद्बुद्धी दे, त्याचा मोबाइल सुटू दे, आईबापांनी किती खस्ता खाल्ल्या ते त्याला कळू दे." पोरगं शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं. ही प्रार्थना नव्हे, देवाआडून मारलेला टोमणा आहे. जे तोंडावर प्रेमानं बोलायची हिंमत नाही, ते देवाला ऐकवतोय असं दाखवून मुलाला ऐकवायचं, आणि त्याला उलट बोलता येऊ नये म्हणून शेवटी आमेन म्हणायचं! बायकाही हेच करतात. "प्रभू, या घरातल्या माणसांना माझे कष्ट दिसू दे." बाई गं, तुझे कष्ट देवाला दिसतातच. माणसांना दिसावेत असं वाटत असेल तर माणसांशी बोल. पौलानं कलस्सैकरांना लिहिलं तेव्हा बापांना बजावलं की मुलांना चिडवू नका, नाहीतर त्यांचं मन खचेल. दोन हजार वर्षांपूर्वी तुरुंगात बसून पत्र लिहिणाऱ्या माणसाला पोरांच्या खचलेल्या मनाची काळजी होती. तुम्हाला एकाच छताखाली राहून ती नाही.

माझ्या वर्गात तुम्ही शुभवर्तमानं पाठ केली होती. तरी ती घडली कुठे हे विसरलात. लूक सांगतो, प्रभूनं सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीची वर्षं गेली ती नासरेथात, सुताराच्या घरात, भावंडांत. आयुष्याचा एवढा मोठा भाग ज्यानं घरात काढला, त्याला तुम्ही रविवारी दीड तास भेटता आणि घरात त्याचं काय काम, असं वागता. पेत्राची सासू तापानं फणफणली होती, त्या घरात तो गेला. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, यजमानांची अब्रू जायची वेळ आली, ते आधी लक्षात आलं त्याच्या आईच्या. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे खचून घरी परत निघाले होते. वाटभर त्यानं त्यांना शास्त्र उलगडून सांगितलं, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते घरात, जेवायला बसल्यावर, त्यानं भाकर मोडली तेव्हा.

मार्थेचं नाव काढते, कारण तिच्यावर आपल्या मंडळीत फार अन्याय होतो. महिला मंडळात दर वर्षी कुणीतरी लूकचा १० वा अध्याय काढतं आणि घरकामात बुडालेल्या बायकांना सुनावतं की मार्था होऊ नका, मरिया व्हा. मग दुपारी त्याच बायकांनी केलेल्या पुलावावर ताव मारतं. प्रभूनं मार्थेला रांधण्याबद्दल बोल लावला नव्हता. ती अनेक गोष्टींची दगदग करत होती, धुसफुसत होती, बहिणीची तक्रार पाहुण्याकडे नेत होती, तिथे त्यानं तिला थांबवलं. पुढचं कुणी वाचत नाही. योहानाच्या ११ व्या अध्यायात भाऊ मेल्याच्या दुःखात, तू ख्रिस्त आहेस अशी उघड कबुली देते ती हीच मार्था. आणि १२ व्या अध्यायात पुन्हा पंगत बसलेली आहे, वाढणारी तीच आहे, पण आता तक्रारीचा एक शब्द नाही. ताट तेच, वाढपी तीच, मन निवलेलं. घर सोडून विश्वास धरा असं तिला कुणी सांगितलं नाही. तिला तो घरातच लाभला. तेव्हा गृहिणींना मार्थेच्या नावानं झोडपणं बंद करा. आणि गृहिणींनो, तुम्हीही भांडी आपटत सेवा करणं बंद करा. मदत हवी असेल तर तोंडानं मागा. आणि पुरुषांनो, ती मागेपर्यंत वाट बघत बसू नका, उठून ताटं उचला.

धीर द्यायचा म्हणजे काय करायचं, हेही तुम्हाला कळेनासं झालं आहे. कुणी दमून, पिचून काही सांगायला लागलं की तुम्ही लगेच, "प्रार्थना कर, प्रभू सगळं नीट करील" म्हणून मोकळे. एलीयाची गोष्ट आठवा. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय. कर्मेलवर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. तेव्हा देवानं त्याला उपदेश केला का? तुझा विश्वास कुठे गेला, असं विचारलं का? नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला, पुन्हा झोपला. पुन्हा उठवून पुन्हा जेवायला दिलं, कारण पुढची वाट लांबची होती. प्रश्न विचारले गेले ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. आणि तुम्ही? दुसऱ्या पाळीहून घरी आलेल्या माणसाला चपला काढायच्या आत प्रश्न विचारता. परीक्षेत मार्क कमी पडून आलेल्या मुलीला पाण्याचा पेला द्यायच्या आधी वचन ऐकवता. आधी जेवू घाला. झोपू द्या. वचन कुठे पळून जात नाही.

ईयोबाच्या मित्रांचं एकच कृत्य धड होतं. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि सगळं नासलं. ज्या घरात मूल गेलंय, गर्भ पडलाय, नोकरी सुटलीय, तिथे जाऊन "देवाची काहीतरी योजना असेल" असं बोलणाऱ्यांना मी या ठिकाणी स्पष्ट सांगते: देवाच्या योजनेची वही तुमच्याकडे दिलेली नाही. स्तोत्रसंहिता उघडा. तिच्यात आक्रोशाची स्तोत्रं किती आहेत ते बघा. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तेही पवित्र शास्त्रात आहे. माणसाला रडायला जागा देणं, हाही शास्त्राचाच धडा आहे.

तुम्ही सभांमध्ये लक्ष्मीबाई टिळकांचं नाव मोठ्या अभिमानानं घेता. किती जणांच्या घरात "स्मृतिचित्रे" आहे? आणि त्यातल्या किती जणांनी ते वाचलंय? १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उघड्यावर पडला. नवरा एकीकडे आणि त्या पोराला घेऊन आपल्या माणसांत दुसरीकडे, अशी वर्षं गेली. नंतर नवऱ्याकडे आल्या त्याही आपलं सोवळं घेऊन, वेगळी चूल मांडून. टिळकांनी ती चूल मोडायला लावली नाही. माझ्या देवाला मान तर घरात ये, अशी अट घातली नाही. जातिभेदाची गाठ लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांची त्यांनीच सोडवली, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोपर्यंत थांबायची तयारी त्या घरात होती. आणि ते काही संतांचं शांत घर नव्हतं बरं. टिळक हातातला पैसा कुणाला देऊन येतील याचा नेम नसे, घर चालवताना बाईंच्या नाकी नऊ येत, रुसवे होते, भांडणं होती. ते सगळं त्यांनी लपवलं नाही, लिहून ठेवलं. ज्या बाईला अक्षरओळख घरात, नवऱ्याकडून झाली, तिनं १९१९ साली नवरा गेल्यावर त्याचं अपुरं राहिलेलं "ख्रिस्तायन" हाती घेतलं आणि त्याचा मोठा भाग स्वतः रचला. तुला हे जमेल असं कधीतरी त्या घरात कुणीतरी कुणाला म्हटलं असेल, तेव्हाच अशी लेखणी हातात येते. तुम्ही आपल्या बायकोला, सुनेला, आईला असं शेवटचं कधी म्हणालात?

मराठी ख्रिस्ती माणसाच्या विश्वासाचं सर्वांत थोर पुस्तक कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी उपदेशांचा संग्रह दाखवत नाही, "स्मृतिचित्रे" हे संसाराचं पुस्तक दाखवते. घरच्या कटकटीमुळे विश्वास टिकत नाही म्हणणाऱ्यांनी ते आधी वाचावं आणि मग माझ्याशी बोलावं.

ज्यांची मुलं चर्चला यायची थांबली आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. तुमचं दुःख खरं आहे, त्यावर मी बोट ठेवणार नाही. पण मुलगा नाताळला पुण्याहून, मुंबईहून घरी येतो आणि दारातच तुम्ही त्याची झडती घेता, "तिथे उपासनेला जातोस का?" करंज्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवता ठेवता त्याची आई रडायला लागते. मग पुढच्या वर्षी तो सुट्टी मिळत नाही असं कळवतो. अरे, खुद्द प्रभूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, योहानानं तसं लिहून ठेवलंय. त्याला वेड लागलंय असं समजून घरची माणसं त्याला धरून न्यायला निघाली होती, ते मार्कानं लिहिलंय. मग काय झालं? पौल करिंथकरांना सांगतो, पुनरुत्थानानंतर प्रभू याकोबाला दिसला. तोच प्रभूचा भाऊ याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधार झाला. घरच्या माणसासाठी एवढी वाट खुद्द प्रभूनं पाहिली. तुम्हाला एका नाताळाची घाई? मुलाला पोटभर जेवू घाला, त्याच्या नोकरीचं विचारा, त्याचं ऐका. तो घरातून जाताना या घरात आपण नकोसे नाही, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ झालं.

आता शेवटचं, आणि हे सगळ्या मंडळीला. आपल्यातली एक सून गेले कित्येक महिने उपासनेला दिसलेली नाही. तिची सासू अंथरुणाला खिळली आहे. नवरा फिरतीच्या नोकरीवर. ती दिवसातून चार वेळा म्हातारीची कूस बदलते, पाठीला पावडर लावते, चमच्यानं पेज भरवते, चादरी धुते. रात्री दोनला म्हातारी हाक मारते तेव्हा उठते. परवा मी गेले तर ती मला म्हणाली, "बाई, माझी प्रार्थना बंद पडलीय. मी देवापासून लांब गेलेय." हे ती म्हणते! आणि तुम्ही फाटकाशी उभे राहून एकमेकांना सांगता की हल्ली ती थंड पडली, येत नाही. जीभ कशी वळते तुमची? मोआबातली रूथ आपल्या सासूच्या मागून परक्या देशात गेली, तिच्यासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचला, आणि तिच्या नावाचं एक अख्खं पुस्तक शास्त्रात आहे. आपल्या गल्लीतली रूथ तुम्हाला ओळखू येत नाही? तिला मी सांगितलं की तुझी प्रार्थना बंद पडलेली नाही, तू ती दोन्ही हातांनी करते आहेस. तिचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? इतक्या महिन्यांत तिला तसं सांगायला आपल्यातलं कुणी तिच्या दारात गेलंच नव्हतं. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन गेले तेवढेच.

एकाकी पडलेल्या माणसाला नुसतं वचन पाठवून चालत नाही. याकोबाचं पत्र याबाबतीत कडक आहे. भाऊबहिणीला अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, आणि तुम्ही सुखानं जा म्हणून निरोप देता, पण हातून काही सोडत नाही, तर त्याचा उपयोग काय, असं तो विचारतो. तिला दोन तास मोकळे हवेत. चर्चच्या बाकावर बसून गाणं म्हणायला, किंवा नुसतं स्वस्थ झोपायलासुद्धा. दुसरं काही नको आहे. ते दोन तास तिला आपण देऊ शकतो, आणि आजवर दिलेले नाहीत.

तेव्हा उभारी नाही, उभारी नाही ही रड आता पुरे. पुरुष असा वा बाई, कूस कशी बदलायची, पेज किती पातळ लागते, ते मी शिकवीन. येत्या रविवारी उपासनेच्या वेळी तिच्या सासूजवळ कोण बसणार आणि त्याच्या पुढच्या रविवारी कोण, ते इथून उठायच्या आत सांगा. वही माझ्या हातात आहे, नावं लिहून घेते.